सज्ञान मुलाचं हॉस्पिटलचं बिल आई-वडिलांवर येतं का? नातं, सही आणि सातबारा

चोपडा तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. मुलगा २४ वर्षांचा, अविवाहित, जळगाव एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात कामाला. ड्युटी संपवून मोटारसायकलवर घरी येताना अपघात झाला. जळगावच्या एका खासगी हॉस्पिटलात मांडीच्या हाडाचं ऑपरेशन झालं आणि बिल ४ लाख ८० हजार निघालं. वडिलांनी १ लाख भरले आहेत. दाखल करताना दोन-तीन कागदांवर सह्या केल्या, पण त्यांत काय लिहिलं होतं ते वाचलं नाही. आता काउंटरवर सांगतात, बाकी भरा नाहीतर सहीचा कोरा चेक ठेवा, तोवर सुट्टी नाही. वडिलांना दोन गोष्टी कळायला हव्या आहेत: कायद्याने हे पैसे माझ्याकडे निघतात का, आणि केळीच्या शेतावर बोजा चढेल का?

नुसतं बाप आहे म्हणून एक रुपयाही निघत नाही. १८७५च्या सज्ञानता कायद्यानुसार १८ पूर्ण झालेला माणूस स्वतः करार करतो आणि स्वतःच्या देण्याला स्वतः बांधील असतो. मुलाचं देणं बापाने फेडावं असा नियम आपल्याकडे कधीच नव्हता. जुन्या हिंदू कायद्यात होतं ते उलट, बापाचं कर्ज मुलाने फेडायचं, आणि तेही २००५च्या वारसा कायद्यातल्या दुरुस्तीने पुढच्या कर्जांपुरतं संपवलं. त्यामुळे ‘तुमचाच मुलगा आहे ना, मग तुम्हीच भरा’ हे काउंटरवरचं वाक्य माणुसकीच्या अंगाने ठीक असेल, कायद्याच्या अंगाने त्याला वजन नाही. वजन आहे ते तुमच्या सहीला. सगळा मामला तिथे अडतो, म्हणून त्याबद्दल खाली जास्त लिहिलं आहे.

आधी एक गोंधळ काढून टाकू. सज्ञान अपत्याच्या औषधपाण्याची कायदेशीर जबाबदारी काही ठिकाणी आई-वडिलांवर असते, पण ती अपत्याला द्यायच्या पोटगीच्या रूपात. १९५६च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्यात निर्वाहाच्या व्याख्येतच वैद्यकीय उपचार येतात, आणि स्वतःचा खर्च भागवू न शकणाऱ्या अविवाहित मुलीला हा निर्वाह आई-वडिलांकडून मागता येतो, ती १८च्या वर असली तरी. कमावत्या किंवा धडधाकट मुलाला तो हक्क नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ (१ जुलै २०२४ पूर्वीचं फौजदारी प्रक्रिया संहितेचं १२५) सर्व धर्मांना लागू आहे. शारीरिक किंवा मानसिक व्यंगामुळे किंवा दुखापतीमुळे स्वतःचं पोट भरू न शकणारं सज्ञान अपत्य त्याखाली पोटगी मागू शकतं. विवाहित मुलगी मात्र नाही. नंदुरबार, शहादा, धडगाव, शिरपूर भागातल्या आदिवासी कुटुंबांनी लक्षात ठेवावं की १९५६चा कायदा अनुसूचित जमातींना लागू होत नाही, त्यांच्यासाठी कलम १४४च. मुस्लिम कायद्यात मुलीला लग्न होईपर्यंत आणि आजाराने वा अपंगत्वाने अडलेल्या सज्ञान मुलाला बापाकडून निर्वाह मिळतो. या सगळ्यात मागणारा तो मुलगा किंवा ती मुलगी असते. या कलमांच्या आधारे हॉस्पिटल तुमच्यावर वसुलीचा दावा लावू शकत नाही.

आता कागद. दाखल करताना समोर येणारे कागद दिसायला सारखे असतात, पण त्यांचं काम वेगवेगळं असतं. पहिला दाखल करण्याचा फॉर्म: नाव, वय, पत्ता, ‘सोबतचा नातेवाईक’. दुसरा उपचाराला आणि भुलीला संमतीचा. रुग्ण शुद्धीवर आणि सज्ञान असेल तर ही संमती त्याचीच लागते. बापाची सही असली तरी ती जोडीची, आणि तिच्यातून पैशाचं काही निघत नाही. तिसरा कागद खरा. त्याचं नाव कधी ‘हमीपत्र’, कधी ‘आर्थिक जबाबदारी’, कधी नुसतं ‘डिक्लरेशन’ असतं, आणि बऱ्याचदा तो वेगळा नसतोच. दाखल फॉर्मच्या मागच्या बाजूला बारीक टायपात असतो. त्यात साधारण अशा धर्तीचं वाक्य असतं: ‘वरील रुग्णाच्या उपचाराचा संपूर्ण खर्च, अंदाजपत्रकापेक्षा जास्त झाला तरी, मी व रुग्ण संयुक्तपणे व वैयक्तिकरीत्या देण्यास जबाबदार राहू.’ या वाक्याखाली सही असेल तर १८७२च्या करार कायद्याच्या कलम १२६प्रमाणे तुम्ही जामीन झालात. आणि कलम १२८ म्हणतं, जामीनदाराची जबाबदारी मूळ देणेकऱ्याइतकीच. हॉस्पिटलने आधी मुलाकडे मागितलंच पाहिजे, मग तुमच्याकडे यायचं, असं बंधन नाही. थेट तुमच्यावर दावा लावता येतो.

त्याहून पुढची एक स्थिती आहे. मुलगा बेशुद्ध होता, तुम्ही स्वतः डॉक्टरांना म्हणालात, ‘ऑपरेशन करा, पैसे मी देतो.’ अशा वेळी तुम्ही जामीनदार राहत नाही, करारच तुमच्याशी झाला असं हॉस्पिटल म्हणू शकतं. तोंडी करारही करारच असतो. आपल्याकडे जामीनकीलाही कागद सक्तीचा नाही. म्हणून गडबडीतही शब्द जपून वापरावेत: ‘उपचार सुरू करा, खर्चाचं मुलाच्या विम्यातून आणि योजनेतून बघू’ एवढं म्हणणं पुरे. डिपॉझिट नाही म्हणून तातडीचे प्राथमिक उपचार नाकारता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा प्रकरणात १९८९मध्येच सांगितलं आहे की जीव वाचवणं आधी, कागद नंतर.

ज्यांचा रुग्ण आज दाखल होतोय त्यांच्यासाठी: सही नाकारून भांडत बसू नका, सहीच्या वर लिहा. ‘फक्त सोबतचा नातेवाईक म्हणून सही, आर्थिक हमी नाही’, किंवा हॉस्पिटल अडूनच बसलं तर ‘आर्थिक हमी रु. ५०,०००पर्यंत मर्यादित’ असं स्वतःच्या अक्षरात, तारखेसह लिहा आणि मोबाइलवर त्याच पानाचा फोटो काढा. मर्यादेचा आकडा लिहिला की जामीनकी त्या आकड्यापर्यंतच राहते. बहुतेक काउंटरवर रात्रीच्या पाळीचा कर्मचारी हे वाचतही नाही. मागची बाजू कोरी असेल तर तिच्यावर तिरकी रेघ मारा. रूम भाड्याच्या रकान्यात कुठला वर्ग लिहिला आहे ते सही करण्याआधी बघा, कारण पुढचे निम्मे आकडे त्यावर चढतात.

सही आधीच झाली असेल तर? पहिलं काम, त्या कागदाची प्रत मागा, लेखी. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२च्या नियमांप्रमाणे रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने मागितल्यावर ७२ तासांत वैद्यकीय कागदपत्रं द्यावी लागतात. मुलगा सज्ञान आहे, म्हणून अर्जावर त्याची सही घ्या किंवा तुमच्या नावे त्याचं दोन ओळींचं अधिकारपत्र जोडा. नुसतं ‘मी वडील’ म्हटल्यावर फाइल देता येत नाही, आणि त्यात हॉस्पिटलचं चुकतही नाही. प्रत हातात आली की तीन गोष्टी पाहा. हमीचं वाक्य आहे का. त्यात रकमेची मर्यादा आहे का. आणि सहीची तारीख कोणती. उपचार संपल्यावर, सुट्टीच्या दिवशी घेतलेली हमी कमजोर असते. आधीच देऊन झालेल्या मालाच्या किमतीसाठी नंतर विनामोबदला घेतलेली हमी रद्दबातल, असं करार कायद्याच्या कलम १२७च्या खालच्या उदाहरणातच दिलं आहे. तिथेच दुसरं उदाहरणही आहे: जामिनाच्या बदल्यात वसुली वर्षभर थांबवली तर तो मोबदला धरला जातो. म्हणून सुट्टीच्या दिवशी ‘तीन महिने मुदत दिली, त्याबद्दल मी हमी देतो’ अशा मजकुरावर सही केली तर कमजोर हमी तुम्ही स्वतःच्या हाताने पक्की करता.

उपचार अजून चालू असतील तर कलम १३०चा उपयोग आहे: चालू स्वरूपाची हमी पुढच्या व्यवहारांपुरती लेखी नोटिशीने मागे घेता येते. हॉस्पिटल म्हणेल की दाखल होणं हा एकच व्यवहार आहे. वाद होईल, पण पत्र दिलेलं असलं की त्या तारखेनंतरच्या खर्चाबद्दल तुमची बाजू कागदावर राहते. तसंच जामीनदाराला न विचारता मूळ अटी बदलल्या, समजा जनरल वॉर्डातून डिलक्स खोलीत हलवलं, तर कलम १३३खाली त्यापुढच्या फरकाला हरकत घेता येते. ‘घाबरलेल्या अवस्थेत सही घेतली’ हा बचाव कलम १६मध्ये बसतो, तिथे मानसिक त्रासातल्या माणसाचा उल्लेखच आहे. पण तेवढ्या एका बचावावर विसंबू नका. सही तुमची, साक्षीदार त्यांचे, सिद्ध तुम्हाला करायचं असतं.

चेकचं मात्र स्पष्ट सांगतो: कोरा चेक देऊ नका. दुसऱ्याच्या देण्यापोटी जामीनदाराने दिलेला चेक वटला नाही तरी चेक न वटण्याच्या गुन्ह्याचं कलम १३८ (परक्राम्य संलेख कायद्याचं) लागतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२मध्ये ठरवलं आहे. आणि सही करून कोरा सोडलेला चेक समोरच्याने भरला तरी तो देण्यापोटीच दिला असं गृहीत धरतात. तो २०१९चा निकाल. म्हणजे बिलाचा दिवाणी वाद तुम्ही आपणहून फौजदारीत नेता. त्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. द्यायचाच असेल तर मान्य रकमेचा, तारीख-नाव-आकडा सगळं भरलेला द्या, आणि शक्य असेल तर मुलाच्या खात्याचा. पोच घेताना ‘बिल क्रमांक अमुकपैकी, हिशेबाला अधीन राहून’ असं लिहून घ्या.

सुट्टी अडवणं बेकायदा आहे. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या २०१८च्या रुग्णहक्क सनदेत बिलाच्या वादावरून रुग्णाला किंवा मृतदेहाला अडकवून ठेवता येणार नाही असं म्हटलं आहे, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २०१७मध्ये हेच सांगितलं. हॉस्पिटलला बाकी वसूल करायची तर दिवाणी कोर्ट आहे. अडवलं तर आधी डॉक्टरांच्या नावे अर्ज द्या: ‘रुग्ण वैद्यकीयदृष्ट्या सुट्टीस योग्य असल्याचं आपण सांगितलं आहे; बिलाचा वाद वेगळा ठेवून सुट्टी द्यावी.’ आवक शिक्का घ्या. शिक्का देत नसतील तर तोच अर्ज व्हॉट्सॲप आणि ईमेलवर पाठवा. मग नोंदणी अधिकाऱ्याकडे: महापालिका हद्दीत पालिकेचे वैद्यकीय आरोग्य अधिकारी, इतरत्र जिल्हा शल्यचिकित्सक. राज्याच्या २०२१च्या शुश्रूषागृह नोंदणी नियमांत दरपत्रक लावण्याची आणि तक्रार निवारण कक्षाची तरतूद आहे. तरी हलले नाहीत तर ११२. भारतीय न्याय संहितेच्या कलम १२७खाली बेकायदा अडकवून ठेवणं हा गुन्हा आहे. पोलीस बिलात पडत नाहीत, पण दारातून बाहेर काढायला त्यांची मदत होते. मात्र एका कागदावर सही टाळा: ‘डामा’, म्हणजे डॉक्टरच्या सल्ल्याविरुद्ध स्वतःहून घेतलेली सुट्टी. पैसे भरत नाहीत म्हणून काही ठिकाणी हा फॉर्म पुढे सरकवतात. त्यावर सही केली की उद्या विमा कंपनी आणि अपघात न्यायाधिकरण दोघांपुढे तो कागद तुमच्या विरोधात वाचला जातो.

बिल भरायचं की नाही याआधी ते बरोबर आहे का हे पाहायचं. नुसता एकपानी सारांश घेऊ नका, दिवसवार तपशील मागा. मग बसून जुळवणी करा. नर्सिंगच्या नोंदींत दिलेलं औषध आणि मेडिकलच्या बिलातलं औषध यांची संख्या जुळते का. परत केलेल्या औषधांची क्रेडिट नोट वजा झाली का. हातमोजे, सिरिंज, सलाइनचे संच इथेच जादा निघतात. ऑपरेशनमधल्या रॉडचं किंवा प्लेटचं स्टिकर फाइलला चिकटवलेलं असतं, त्यावरचा बॅच नंबर आणि किंमत बिलाशी जुळवा. आयसीयूचे दिवस आणि वॉर्डाचे दिवस मिळून एकूण दिवसांपेक्षा जास्त होत नाहीत ना. हलवलेल्या दिवसाचं दोन्हीकडचं भाडं लागलेलं सापडतं. आयसीयू सोडून ५,००० रुपयांपेक्षा जास्त रोजभाड्याच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी लागतो, त्याखालच्या खोलीवर नाही. फरक सापडला की तोंडी घासाघीस न करता क्रमांक टाकून लेखी द्या. बिलातली सूट अशा लेखी हरकतीनंतर लवकर मिळते, हात जोडून नाही.

आता मूळ प्रश्नातला माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित भाग: हा खर्च मुळात बापाने किंवा मुलाने नव्हे, तिसऱ्यानेच करायचा आहे का? रस्ते अपघातातल्या जखमींसाठी केंद्राची कॅशलेस योजना मे २०२५पासून आहे: नेमलेल्या हॉस्पिटलात अपघातापासून ७ दिवसांपर्यंत, दीड लाखापर्यंत. पोलिसांत नोंद होणं त्यासाठी गरजेचं, म्हणून ‘कशाला पोलीस, आपसात मिटवू’ हा गावकीचा सल्ला इथे महागात जातो. शिवाय मोटार अपघात न्यायाधिकरणापुढे दावा आहेच. कायद्यात त्याला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत दिली आहे, तेव्हा उशीर नको. दावा मुलाच्या नावे होतो, आणि बिलांच्या मूळ पावत्या लागतात. त्या पावत्या मुलाच्या नावावर काढून घ्या, पैसे तुम्ही दिले असले तरी.

मुलगा कारखान्यात आहे, तर पगारपत्रक बघा. पगारातून ०.७५ टक्के ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जातो का? २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेले कामगार त्यात येतात, आणि कामावर जाता-येताना झालेला अपघातही कामाशी संबंध दाखवता आला तर कामावरचाच धरला जातो. या मुलाचा अपघात ड्युटीवरून परत येतानाचा आहे, तेव्हा त्या दिवसाचा हजेरीचा कागद आजच मागून घ्या. ईएसआय नसेल तर कंपनीचा गट विमा विचारा. एचआरला मेल मुलाच्या मेलवरून जाऊ द्या. विमा असेल आणि हॉस्पिटल कॅशलेसमध्ये असेल तर विमा नियामकाच्या २०२४च्या परिपत्रकाप्रमाणे सुट्टीची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची असते, आणि त्यापुढच्या उशिराचा वाढीव खर्च विमा कंपनीचा. इथे खोलीचा वर्ग आड येतो: पॉलिसीत ४,०००ची खोली आणि तुम्ही ८,०००ची घेतली, तर बऱ्याच पॉलिसींत डॉक्टर फी, ऑपरेशन थिएटर हे सगळं त्याच प्रमाणात निम्मं कापतात. जादा खोलीचे ४,००० रोज एवढाच फरक पडेल असं समजून लोक सही करतात, आणि कापले जातात लाख. स्वतःच्या फॅमिली फ्लोटरमध्ये, म्हणजे सगळ्या घराच्या एकत्र आरोग्य विम्यात, मुलगा आहे का तेही पाहा. बहुतेक पॉलिसी अवलंबून असलेल्या मुलाला २५व्या वर्षापर्यंतच ठेवतात.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना खानदेशाला नवी नाही. तिचं जुनं रूप, राजीव गांधी जीवनदायी, जुलै २०१२मध्ये ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झालं त्यांत धुळं होतं. आता राज्यातल्या सर्व कुटुंबांना, रेशन कार्डाचा रंग कोणताही असो, कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. पण ते मान्यताप्राप्त हॉस्पिटलात, यादीतल्या उपचाराला आणि आधी मंजुरी घेऊनच. पैसे भरून झाल्यावर पावती घेऊन गेलात तर परतावा मिळत नाही. म्हणून दाखल झाल्या झाल्या आरोग्यमित्राचा (हॉस्पिटलात बसणाऱ्या योजनेच्या मदतनिसाचा) टेबल शोधा, रेशन कार्ड आणि आधार द्या. तातडीच्या रुग्णाला फोनवरून मंजुरी मिळते, कागद मागून देता येतात. योजनेतल्या उपचारासाठी हॉस्पिटलने वर पैसे मागितले तर १५५३८८वर तक्रार करा. नंदुरबार-नवापूरकडची माणसं सवयीने सुरतला धाव घेतात. फुले योजना गुजरातेत चालत नाही. आयुष्मान भारतचं पात्र कार्ड असेल तरच तिथल्या संलग्न हॉस्पिटलात उपयोग. सरकारी मार्गात जळगाव, धुळे (भाऊसाहेब हिरे) आणि नंदुरबार इथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३पासून उपचार मोफत आहेत, पण वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं वेगळ्या विभागाखाली येतात, तिथे शुल्क लागतं. तिथेही फुले योजना चालते.

हॉस्पिटल धर्मादाय न्यासाचं असेल, आणि ते पावतीच्या मथळ्यावरच्या नोंदणी क्रमांकावरून कळतं, तर १० टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्या लागतात. वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंत दुर्बल. तहसीलदाराचा दाखला किंवा रेशन कार्ड चालतं. दाद धर्मादाय आयुक्तांच्या जिल्हा कार्यालयात. मुख्यमंत्री सहाय्यता निधीसाठी उपचार चालू असतानाच अर्ज करा. ती रक्कम हॉस्पिटलच्या खात्यात जाते.

शेताचं. खासगी हॉस्पिटल स्वतः होऊन सातबाऱ्यावर बोजा चढवू शकत नाही. त्यासाठी एकतर तुम्ही नोंदणीकृत गहाणखत करून द्यावं लागतं, नाहीतर कोर्टाचा जप्तीचा हुकूम यावा लागतो. तुम्ही जामीनदार नसाल तर तुमची स्वकष्टार्जित जमीन सुरक्षित आहे. जमीन वडिलोपार्जित असेल आणि मुलगा सहदायाद (तिच्यात जन्माने हिस्सेदार) असेल, तर मुलावर हुकूमनामा झाल्यास त्याच्या अविभक्त हिश्श्यापर्यंत धनको पोचू शकतो, वाटपाची मागणी करून. लांबचा रस्ता आहे आणि चार लाखांच्या बिलासाठी सहसा कोणी चालत नाही, पण दार बंद नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६०प्रमाणे शेतकऱ्याचं राहतं घर, औजारं, लागणारी जनावरं आणि बियाणं जप्त होत नाही, पेन्शनही नाही. उलट बाजूने पाहिलं तर घरातल्या माणसाचा दवाखाना ही कुटुंबाची कायदेशीर गरज धरली जाते, आणि कर्त्याने त्यासाठी एकत्र जमीन गहाण टाकली तर बाकी भावंडांना ती सहजी मोडता येत नाही. म्हणून रागाच्या किंवा काळजीच्या भरात गहाण टाकण्याआधी घरात बसून ठरवा. आणि सावकाराला ‘विश्वासापोटी’ खरेदीखत करून पैसे उचलण्याची जी रीत आहे, ती तर अजिबात नको. झालं असेल तर २०१४च्या सावकारी कायद्याखाली अवैध सावकारीतून गेलेली जमीन परत मिळवण्यासाठी सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करता येतो. व्यवहारापासून १५ वर्षांपर्यंत.

मुलाचं काही बरंवाईट झालं तर बाकीचं देणं त्याच्या मालमत्तेतून जातं, वारसाला जेवढं मिळालं तेवढ्यापुरतंच. अविवाहित हिंदू मुलाची आई पहिल्या वर्गाची वारस आहे, बाप दुसऱ्या वर्गाचा. मृतदेह ताब्यात घेताना पुढे केलेल्या हमीपत्रावर सही करू नका. देह अडवता येत नाही.

याच प्रकारात आपल्याकडे नेहमी येणारी गोष्ट म्हणजे पहिलं बाळंतपण माहेरी. मुलगी विवाहित, सज्ञान. तिच्या निर्वाहाची जबाबदारी नवऱ्यावर. पण फॉर्मवर सही बापाची, आणि सिझरचं बिल वाढलं की हॉस्पिटल सही बघतं, रीत बघत नाही. सातव्या महिन्यात चोळी-ओटीबरोबर हेही बोलून घ्यावं: विमा जावयाच्या कंपनीचा आहे का, त्यात बाळंतपण आहे का, आणि हमीच्या कागदावर जावईबापूंची सही कधी होणार. सरकारी रुग्णालयात सिझरसकट बाळंतपण, औषधं आणि घरी सोडायची गाडी जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहे.

तुम्ही स्वखुशीने भरणार असाल, आणि बहुतेक आई-बाप भरतातच, तर बँकेतून भरा. एका आजारपणापोटी २ लाख किंवा जास्त रोख घेण्याला प्राप्तिकर कायद्यात बंदी आहे आणि दंड घेणाऱ्याला होतो, त्यामुळे ‘रोख द्या, सूट देतो’ याला ‘एनईएफटी करतो, तीच सूट द्या’ असं उत्तर द्या. जामीनदार म्हणून भरलेली रक्कम करार कायद्याच्या कलम १४५खाली मुलाकडून मागता येते. घरात कोणी मागत नाही, पण मुलाचं लग्न झालेलं असेल किंवा उद्या वाटप व्हायचं असेल तर भरणा कोणी केला याची नोंद राहू द्या.

वकिलाची नोटीस आली तर गप्प बसू नका. उत्तरात हमी नाकारायची की मर्यादा दाखवायची की बिलावर हरकत घ्यायची, हे प्रत हातात घेऊन ठरवा. ‘मी थोडे थोडे करून फेडीन’ असं मोघम पत्र लिहू नका. बांधील असलेल्या माणसाची लेखी कबुली दावा लावण्याची तीन वर्षांची मुदत नव्याने सुरू करते. लेखी हमीवर हॉस्पिटल संक्षिप्त दावा लावू शकतं, त्यात समन्स मिळाल्यापासून १० दिवसांत हजर व्हावं लागतं. अकराव्या दिवशी वकील शोधणाऱ्यांवर एकतर्फी हुकूमनामा होऊ शकतो. तुमच्या बाजूने जादा आकारणीची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत करता येते. उपचाराचा मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, आणि पैसे भरणारा बापही तिथे ग्राहक धरला जातो. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, फोन १५१००. महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्नाची अट नाही, इतरांना राज्यात ३ लाखांची मर्यादा आहे. जाताना दाखल फॉर्मची दोन्ही बाजूंची प्रत, दिवसवार बिल, भरलेल्या पावत्या, हॉस्पिटलला दिलेले अर्ज आणि मुलाचं अधिकारपत्र सोबत न्या. आईने स्वतः सही केली असेल तर अर्ज तिच्याच नावे करा, म्हणजे उत्पन्नाचा दाखला लागणार नाही.